विटांची रेसिंग कार आणि बांधीतला ट्रॅक्टर

प्रश्न : पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या मुलानं दिवाळीत नातवासाठी रेसिंग कारचा एक संच आणला. प्लॅस्टिकचे हजार-दीड हजार तुकडे; ना डिंक, ना स्क्रू. काका-पुतणे सुटीभर जोडत बसले आणि हातभर लांबीची गाडी उभी राहिली. उचलली तरी सुटत नाही. ढकलली की आतले पिस्टन खाली-वर होतात. मी उभी हयात पेपर मिलमध्ये फिटर होतो, त्यामुळे मला राहवत नाही. हे तुकडे एकमेकांना धरून कसे राहतात? आतली यंत्रणा खरी की दिखाऊ? आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध दातेरी चाकांचा जो गठ्ठा आहे, तो कशासाठी?
— एक वाचक, बल्लारपूर

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याला जास्त जागा ठेवतो. आधी पकडीबद्दल.

वर्णनावरून हा लेगो कंपनीच्या टेक्निक मालिकेतला फॉर्म्युला वन गाडीचा संच दिसतो. या मालिकेत २०२२ साली मॅक्लॅरेनची गाडी आली, तिचे तुकडे १,४३२. २०२४ साली मर्सिडीजची डब्ल्यू १४ आली, १,६४२ तुकड्यांची. २०२५ साली फेरारीची एसएफ-२४ (१,३६१ तुकडे) आणि रेड बुलची आरबी २० (१,६३९ तुकडे) या दोन नव्या गाड्या आल्या. मर्सिडीजचं मॉडेल ६३ सेंटिमीटर लांब आहे आणि प्रमाण एकास आठ. गुणून पाहा, पाच मीटरच्या किंचित वर आकडा येतो. खरी गाडी साधारण तेवढीच लांब असते.

तुम्ही फिटर होतात, त्यामुळे काही गोष्टी थेट सांगता येतात. शाफ्टवर बेअरिंग दाबून बसवायचं असेल तर शाफ्ट भोकापेक्षा केसभर जाड ठेवतात, हे तुम्ही आयुष्यभर केलंय. इथंही तेच तत्त्व आहे. या खेळातली साधी वीट घ्या. तिच्या पाठीवर खुंट्या असतात आणि पोटात पोकळ नळ्या. शेजारच्या दोन खुंट्यांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे चार खुंट्यांच्या चौकोनात कर्णावरच्या दोन खुंट्यांचं अंतर ११.३१ मिलिमीटर. खुंटीचा व्यास ४.८. तो वजा केला की मधे ६.५१ मिलिमीटरची जागा उरते. वरच्या विटेच्या पोटातली नळी बाहेरून नेमकी एवढीच जाड असते. ती चार खुंट्यांच्या मधे शिरते आणि चौघींना एकाच वेळी टेकते. विटेच्या भिंती बाहेरच्या बाजूनं दाबतात. प्लॅस्टिक जरासं ताणलं जातं, मूळ जागी यायला बघतं, आणि त्या दाबातून जे घर्षण होतं तीच सगळी पकड.

हे ऐकायला सोपं आहे, करणं महाकठीण. पकड किंचित सैल झाली तर गाडी उचलताच गळून पडेल. किंचित घट्ट झाली तर आठ वर्षांच्या मुलाला तुकडे सोडवता येणार नाहीत. म्हणून साच्याची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवावी लागते आणि तीही कोट्यवधी तुकड्यांत. प्लॅस्टिकही त्याला साजेसं हवं. १९६३पासून ते एबीएस आहे. त्यातला एक घटक कडकपणा देतो, एक रबरासारखी चिवटाई देतो आणि तिसऱ्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत नि चकचकीत होतो. त्याआधीचं प्लॅस्टिक कालांतरानं वाकायचं.

या विटेची कल्पना पहिल्यांदा सुचली ती ब्रिटनच्या हिलरी फिशर पेज यांना. त्यांच्या किडीक्राफ्ट कंपनीच्या विटा १९४०च्या दशकात बाजारात आल्या. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार आणि लेगोचे संस्थापक ओले कर्क क्रिस्तियानसेन यांनी १९४९ साली त्याच धर्तीवर आपल्या विटा काढल्या. त्या आतून नुसत्या पोकळ होत्या, मनोरे डळमळायचे. पोटात नळ्या घालण्याचं पेटंट त्यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल केलं आणि खेळाचं भाग्य पालटलं. त्या वर्षीची वीट आज दुकानातून आणलेल्या विटेवर बसते. जवळजवळ सत्तर वर्षं एक माप पाळणं ही मला त्या कंपनीची सर्वांत मोठी कर्तबगारी वाटते, कुठल्याही चकाकत्या मॉडेलपेक्षा मोठी.

ताकदीचंही सांगतो. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या अभियंत्यांनी २०१२ साली चार खुंट्यांची एक वीट दाबयंत्रात ठेवून दाबली. सरासरी ४,२४० न्यूटन, म्हणजे सुमारे ४३२ किलो वजनाएवढ्या बळाला ती दबली. हिशेब केला तर एकावर एक पावणेचार लाख विटा, साडेतीन किलोमीटर उंच मनोरा रचल्यावर तळातली वीट मोडेल. त्या विटेचं क्षेत्रफळ जेमतेम अडीचशे चौरस मिलिमीटर. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे १७ न्यूटन. ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या राखेपासून आपल्याकडे ज्या विटा पाडतात, त्यांच्याकडून घर बांधताना साधारण साडेसात ते दहा न्यूटनांची अपेक्षा ठेवतात. नातवाच्या हातातली वीट दाब सोसण्यात त्यांच्या पुढे आहे. मात्र हे फक्त वरून पडणाऱ्या भाराला लागू. ओढलं किंवा कडेनं पिळलं तर ती लगेच सुटते, कारण तिथं फक्त घर्षण आहे. अशा विटांच्या खऱ्या आकाराच्या गाड्याही झाल्या आहेत : २०२५च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मायामीच्या शर्यतीआधी दहा संघांच्या दहा पूर्ण आकाराच्या विटांच्या गाड्या धावल्या. प्रत्येकीत जवळजवळ चार लाख तुकडे, आत इलेक्ट्रिक मोटर, वेग तासाला २० किलोमीटर आणि आत बसलेले खरे शर्यतपटू.

पण नातवाची गाडी नीट न्याहाळा. तिच्यात खुंटीच्या विटा फार थोड्या सापडतील. टेक्निकमध्ये भोकं असलेल्या पट्ट्या आणि त्यांत जाणाऱ्या पिना असतात. भोकांचं अंतर तेच, ८ मिलिमीटर. पिनांच्या रंगाला अर्थ असतो. साध्या काळ्या आणि लांब निळ्या पिनांवर बारीक कंगोरे असतात, त्या घट्ट बसतात आणि सांगाडा धरतात. करड्या आणि फिकट तपकिरी पिना गुळगुळीत असतात. जिथं काही फिरायला हवं तिथं त्या. पोरांनी सांगाड्यात करडी पिन लावली की गाडी लुळी पडते आणि कारण कळत नाही. घरात अशी तक्रार आली तर आधी पिनांचे रंग तपासा.

आता इंजिन. त्यातले सहा पिस्टन, व्ही आकाराची मांडणी, भुजा आणि क्रँकशाफ्ट हे सगळं रचनेनं खरं आहे. फक्त बळाचा प्रवास उलटा आहे. खऱ्या गाडीत स्फोट पिस्टनला ढकलतो, पिस्टन क्रँक फिरवतो आणि शेवटी चाक फिरतं. तुमच्याकडे चाक फिरतं म्हणून पिस्टन हलतात. खरं इंजिन १.६ लिटरचं, आपल्याकडच्या मध्यम मोटारीच्या इंजिनाएवढं. पण ते मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं. चार-टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सेकंदाला शंभर आणि सहांमध्ये मिळून सहाशे. स्टिअरिंग, धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, पुढच्या चाकांना धरणाऱ्या त्रिकोणी भुजा हे सगळंही अस्सल. मागच्या पंखाची उघडणारी फळीही खऱ्या गाडीत असते. सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा कमी करायला चालक ती उघडतो. दिखाऊ म्हणावं असं एकच, पंखांचं काम. खरी गाडी भरधाव असताना हवा तिला तिच्या स्वतःच्या वजनाहून अधिक बळानं जमिनीवर दाबते. सुमारे ८०० किलोची गाडी वळणावर उडून जात नाही ती त्या दाबामुळे. ढकलगाडीच्या वेगाला हवा काहीच करत नाही.

आणि आता तो मागचा गठ्ठा. त्याला डिफरेन्शियल म्हणतात. बंडीपासून सुरुवात केली तर तो चटकन कळेल.

बंडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? अर्धं वर्तुळ घेतलं, म्हणजे गाडी पूर्ण उलट तोंड करून आली, तर फरक येतो दोन चाकांमधलं अंतर गुणिले ३.१४. वळण लहान असो की मोठं, फरक तेवढाच राहतो. फॉर्म्युला वन गाडीच्या मागच्या चाकांमधलं अंतर १.६ मीटर धरलं तर बाहेरचं चाक पाच मीटर जास्त धावतं. नातवाच्या मॉडेलमध्ये ते अंतर २० सेंटिमीटर धरा. फरक ६३ सेंटिमीटर. बंडीला याचा त्रास होत नाही, कारण तिचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाकं त्यावर आपापली मोकळी फिरतात. बैल जू ओढतात. चाकाला कुणी फिरवत नाही, ते आपसूक फिरतं. शंकरपटाचा छकडासुद्धा असाच.

अडचण सुरू होते ती चाकालाच इंजिनानं फिरवायचं ठरवलं तेव्हा. एकाच आसावर दोन्ही चाकं पक्की बसवली तर वळणावर दोघांना सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतील, मग एकाला घसरावंच लागेल. टायर झिजतील, गाडी सरळ जायला बघेल. एकाच चाकाला बळ दिलं तर गाडी एका बाजूला ओढेल. उपाय असा हवा की बळ दोघांना मिळेल आणि फेऱ्या मात्र ज्याच्या त्याला. १८२०च्या दशकात फ्रान्सचे घड्याळजी ओनेसिफोर पेक्योर यांनी वाफेच्या गाडीसाठी तो उपाय काढला. इंजिन एका पिंजऱ्याला फिरवतं. पिंजऱ्यात लहान तिरकी दातेरी चाकं असतात, ती दोन्ही बाजूंच्या अर्ध्या आसांच्या चाकांत गुंतलेली. गाडी सरळ जाताना आतली लहान चाकं स्वतःभोवती फिरतच नाहीत, सगळा पिंजरा एकसंध फिरतो. वळण आलं की ती स्वतःभोवती फिरू लागतात. एका चाकाच्या जितक्या फेऱ्या कमी होतात तितक्याच दुसऱ्याच्या वाढतात. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी नेहमी पिंजऱ्याच्या फेऱ्यांएवढी.

हे नातवाला हातानं करून दाखवा. गाडीची मागची बाजू उचला, पिंजरा बोटानं धरून ठेवा आणि एक चाक पुढे फिरवा. दुसरं चाक उलटं फिरेल. मग एक चाक धरून ठेवा आणि पिंजरा फिरवा. मोकळं चाक दुप्पट वेगानं फिरेल. या दोन कृतींत डिफरेन्शियलचं सगळं गणित आहे. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रावरून ते मुलांना क्वचितच उमगतं. इथं बोटांना उमगतं.

या यंत्रणेत एक उणीव आहे आणि ती आपल्या धानपट्ट्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक आहे. डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखंच बळ देतं. एक चाक चिखलात गेलं, त्याला पकड उरली नाही, की ते जेमतेम बळ घेऊन गरगरा फिरतं आणि कोरड्यावरच्या चाकालाही तेवढंच जेमतेम बळ मिळतं. मूल, सिंदेवाही, नागभीडकडे रोवणीआधी चिखलणी चालते तेव्हा ट्रॅक्टर बांधीत असाच रुततो. तेव्हा चालक टाचेनं एक पेडल दाबतो. ते डिफरेन्शियल लॉक. दोन्ही अर्धे आस एकमेकांत अडकतात आणि दोन्ही चाकं एकत्र फिरू लागतात. २०२२च्या मॅक्लॅरेन मॉडेलमध्ये हेच लॉक दिलेलं आहे. खऱ्या फॉर्म्युला वन गाडीत चालक स्टिअरिंगवरच्या खटक्यांनी ठरवतो की वळणात शिरताना, मध्यात आणि बाहेर पडताना दोन चाकांना किती मोकळीक द्यायची. इटलीतल्या मोंझाच्या शर्यतमार्गावरचा प्रश्न आणि नागभीडच्या बांधीतला प्रश्न एकच आहे.

तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे. ही गाडी शोकेसमध्ये ठेवून देऊ नका. मागचा भाग नातवाकडून उतरवून घ्या, पिंजरा बाहेर काढा आणि पुस्तिका न बघता परत बसवायला सांगा. शेजारी तुम्ही बसा. उभी हयात यंत्रांना हात लावलेला आजोबा ज्या मुलाला मिळालाय, त्यानं तो संच नुसता चित्र बघून जोडून संपवणं हे नुकसान आहे.

प्रश्न : आमच्या घरावर पत्रे आहेत. मे महिन्यात अशी प्लॅस्टिकची गाडी वितळेल का? आणि बाजारात याच विटांसारख्या स्वस्त विटा मिळतात, त्या घ्याव्यात का? मूळ संच इतके महाग का?
— एक गृहिणी, चंद्रपूर

उत्तर : वितळणार नाही. एबीएस नरम पडायला शंभर अंशांच्या आसपास तापमान लागतं. आपला पारा सहसा ४६-४७वर थांबतो. पण ताण आणि उष्णता एकत्र आली की प्लॅस्टिक हळूहळू बाक धरतं, म्हणून वजनाखाली दाबलेली किंवा वाकवून बसवलेली गाडी पत्र्याच्या लगत ठेवू नका. थेट ऊन तर नकोच. त्यानं पांढरे आणि निळे तुकडे पिवळे पडतात. तुकडे धुवायचे असतील तर पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको असं कंपनी सांगते. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी आपल्याकडे उन्हाळ्यात याहून गरम असतं, तेव्हा सकाळी धुवा.

महागाईचं एक मोठं कारण आयात शुल्क. खेळण्यांवरचं शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७०. राहिली स्वस्त विटांची गोष्ट. विटेच्या आकारावर कुणाची मक्तेदारी नाही. जुनं पेटंट कधीच संपलं आणि युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली विटेचा आकार व्यापारचिन्ह म्हणून द्यायलाही नकार दिला. त्यामुळे जुळणाऱ्या विटा बनवणं गैर नाही. दुसऱ्याचं नाव आणि खोक्यावरचं चित्र उचलणं गैर आहे. घेताना आयएसआय चिन्ह पाहा; १ जानेवारी २०२१पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. रंगातलं विषारी द्रव्य, धारदार कडा, गिळता येतील असे भाग यांची तपासणी त्यामागे असते. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिन्ह असो वा नसो, हे तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्या आतेभावाच्या संचात दातेरी चाकांना ८, १६, २४ आणि ४० असेच दाते आहेत. १० किंवा ३० दात्यांचं चाक का नाही? आणि मुलींना रेसिंग कार चालवता येते का?
— एक विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी

उत्तर : तू दाते मोजलेस, तेव्हा अर्धं उत्तर तुझ्याच हातात आलं. उरलेलं अर्धं भोकांच्या अंतरात आहे.

या संचातल्या चाकांचे दाते अशा मापानं कापलेले असतात की चाकाचा व्यास, म्हणजे दाते जिथं एकमेकांना भिडतात तिथला व्यास, दात्यांच्या संख्येइतकाच मिलिमीटर भरतो. ८ दात्यांचं चाक ८ मिलिमीटर, २४ दात्यांचं २४ मिलिमीटर. दोन चाकं एकमेकांत गुंतवायची तर त्यांच्या आसांमधलं अंतर दोन्ही त्रिज्यांच्या बेरजेएवढं हवं. ८ आणि २४ घे : ४ अधिक १२, म्हणजे १६ मिलिमीटर, बरोबर दोन भोकं. ८ आणि ४० : ४ अधिक २०, म्हणजे २४, बरोबर तीन भोकं. आता १० आणि २४ घेऊन बघ : ५ अधिक १२, म्हणजे १७. पट्टीवर १७ मिलिमीटरवर भोकच नाही. ८ सोबत ३० घेतलं तर १९. तिथंही भोक नाही. काही संचांत १२ आणि २० दात्यांची चाकंही असतात. ती दोन एकमेकांबरोबर का चालतात, हे आता तू सांगू शकशील.

यातून वेगाचा हिशेब निघतो. ८ दात्यांचं चाक २४च्या चाकाला फिरवतं तेव्हा लहान चाकाच्या तीन फेऱ्यांत मोठ्याची एक. वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पण फिरवण्याचा जोर तिप्पट होतो (घर्षण सोडलं तर). सायकलवर चढ चढताना गिअर बदलतात ते यासाठीच. खऱ्या रेसिंग कारचं इंजिन बारा हजार फेऱ्यांवर असतं तेव्हा ताशी ३०० किलोमीटरला चाकं मिनिटाला साधारण बावीसशे फेऱ्या घेत असतात. म्हणजे मधे कुठंतरी सव्वापाच-साडेपाच पट घट करावी लागते. त्यासाठी तिच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जायचे आठ टप्पे असतात. मॉडेलमध्ये बहुधा दोनच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : हो, आणि चालवतात. पुण्याच्या डायना पुंडोळे २०२४ साली मोटार शर्यतींचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. २०२३पासून फक्त मुलींसाठी एफ वन अकॅडमी नावाची जागतिक मालिका सुरू झाली आहे. आणि गाडी चालवण्याइतकंच ती बनवणंही मोठं काम आहे. मुंबईच्या आयआयटीतले आणि सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी स्वतः एका आसनाची लहान रेसिंग कार आखतात, जोडतात आणि देशाबाहेरच्या विद्यार्थी-स्पर्धांत उतरवतात. तू दाते मोजलेस तिथूनच त्यांचीही सुरुवात होते. दहावीनंतर ही वाट धरायची असेल तर गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस.

प्रश्न : मी कुरखेडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. असा संच घेणं आमच्या शाळेच्या आवाक्याबाहेर आहे. मुलांना हे सगळं दाखवायचं कसं?
— एक शिक्षक, जि. गडचिरोली

उत्तर : सर, हा प्रश्न विचारलात म्हणून मनापासून आभार. उत्तर पुण्यात काम केलेल्या एका अभियंत्यानं शोधलेलं आहे आणि ते जवळजवळ अर्धशतक जुनं आहे.

अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरहून अभियंता होऊन पुण्यात टेल्को कंपनीत ट्रक बनवण्याच्या कामाला लागले. १९७८ साली त्यांनी रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गावच्या शाळांबरोबर काम करायला गेले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी एक जोडखेळ तयार केला. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वालट्यूबचे लहान तुकडे, बस. नळीच्या दोन टोकांत दोन काड्या खोचल्या की सांधा तयार. नळीला मधे भोक पाडून तिसरी काडी घातली की तिहेरी सांधा. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊतून खेळणी करण्याचं काम वर्षानुवर्षं केलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि ती मोफत वाचायला उपलब्ध आहेत. माझं ठाम मत आहे की विटांच्या कुठल्याही संचापेक्षा हा जोडखेळ आपल्या मुलांच्या जास्त कामाचा आहे, कारण मोडला तर पुन्हा उभा करायला दुकान लागत नाही.

सुरुवात त्रिकोण आणि चौकोनानं करा. मुलांना काड्यांचा चौकोन करू द्या. तो बोटानं ढकलला की तिरपा होतो. मग त्रिकोण करू द्या. त्रिकोण हलत नाही. चौकोनाला एक आडवी काडी कर्णावर लावली की तोही ताठ होतो. छपराच्या कैच्या, विजेचे मनोरे आणि रेसिंग कारच्या चाकांना धरणाऱ्या भुजा या सगळ्यांत तोच त्रिकोण आहे. बल्लारपूरच्या आजोबांच्या गाडीची पुढची चाकं ज्या दोन-दोन भुजांवर उभी आहेत, त्या भुजा म्हणजे काड्यांचे हेच त्रिकोण.

डिफरेन्शियल काड्यांनी होणार नाही. पण ते का लागतं हे शाळेच्या अंगणात दाखवता येतं. बुरुडाकडून बांबूच्या गोल, सारख्या जाडीच्या काड्या घ्या. तुटक्या रबरी चपलेच्या तळातून एकाच मापाची चार चाकं कापा. दोन गाडे करा. पहिल्यात दोन्ही चाकं काडीवर घट्ट ठोका आणि काडी पेनाच्या रिकाम्या नळीत फिरू द्या, म्हणजे चाकं आणि आस मिळून फिरतील. दुसऱ्यात काडी गाड्याला पक्की बांधा आणि चाकांची भोकं मोठी ठेवा, म्हणजे बंडीसारखी चाकं आसावर मोकळी फिरतील. अंगणात बारीक माती किंवा चुलीतली राख पसरा आणि दोन्ही गाडे लहान अर्धवर्तुळात ओढायला लावा. दुसऱ्याच्या चाकोऱ्या स्वच्छ उमटतील. पहिल्याच्या एका चाकोरीत ओरखडे दिसतील. तिथं चाक फिरण्याऐवजी घासत गेलं. मुलांनी दोन्ही चाकोऱ्या सुतळीनं मोजाव्यात, लांबीतला फरक आणि चाकांमधलं अंतर ताडून पाहावं. ३.१४ हा आकडा फळ्यावरून न येता मातीतून येईल.

तान्ह्या पोळ्याला ज्यांच्याकडे चाकांचे लाकडी नंदी असतील त्यांना ते आणायला सांगा. कुणाची चाकं आसावर मोकळी आहेत आणि कुणाची आसासकट फिरतात, मुलं स्वतः वर्गवारी करतील. आणि गावात ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांना रोवणीच्या आधी एकदा विनंती करा. इंजिन बंद, गिअर काढलेला, मागची बाजू टेकूवर भक्कम उचललेली आणि चालक स्वतः जवळ असेल तरच मुलांना एक चाक हातानं फिरवू द्या. दुसरं उलटं फिरताना पाहून वर्ग गप्प बसणार नाही. मग चालकाला लॉकचं पेडल दाबायला सांगा. हातातलं चाक जड होईल आणि फिरलंच तर दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरतील.

हा प्रयोग तुमच्या शाळेत झाला तर चाकोऱ्यांची मापं मुलांच्याच अक्षरात या स्तंभाकडे जरूर पाठवा. इतर शाळांनीही पाठवावीत. आलेली मापं शाळेच्या नावासह पुढच्या अंकात छापू.